सॉल्व्हिट आणि युअर युरोप ॲडव्हाइस: खिडकीवरून परत पाठवलेल्या एका बायकोचा अनुभव

"तुम्ही भारतात परत जा आणि तिथून डी व्हिसा, म्हणजे नव्वद दिवसांहून जास्त राहण्याचा व्हिसा, घेऊन या."

ऑक्टोबर २०२४ची गोष्ट. बेल्जियमच्या फ्लेमिश भागातल्या एका छोट्या शहराची नगरपालिका, परदेशी नागरिकांची खिडकी. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नवऱ्याने अर्धा दिवस रजा टाकली होती. माझ्या हातातल्या फाइलमध्ये पासपोर्ट होता, पुण्यातला विवाह नोंदणीचा दाखला होता, त्यावर अपोस्टिलचा (परदेशात दाखला ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी) शिक्का, त्याचं शपथबद्ध अनुवादकाकडून करून घेतलेलं डच भाषांतर, नवऱ्याचं पोर्तुगीज ओळखपत्र, बेल्जियममधली त्याची नोंदणी आणि नोकरीचा करार. खिडकीमागच्या बाईंनी फाइल उघडलीच नाही. पासपोर्टातला व्हिसा पाहिला, तो सी प्रकारचा म्हणजे नव्वद दिवसांचा आहे हे पाहिलं आणि वरचं वाक्य म्हणाल्या. अर्ज घेतला नाही, पावती नाही, नकाराचा कागदही नाही. आम्ही बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. नवरा मला सारखं सांगत होता की असं होऊ शकत नाही. मला मात्र एवढंच दिसत होतं की लग्नानंतर आठ महिने वेगवेगळ्या देशांत काढले आणि आता पुन्हा विमान पकडायचं.

पकडावं लागलं नाही. का लागलं नाही, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे. युरोपीय आयोगाच्या दोन मोफत सेवा मी वापरल्या. एक युअर युरोप ॲडव्हाइस, दुसरी सॉल्व्हिट. मराठी मंडळींच्या गटांमध्ये एजंटांची नावं रोज फिरतात, या दोन सेवांचं नाव मी तिथे एकदाही वाचलं नव्हतं.

आधी पायाची गोष्ट, कारण ती कळल्याशिवाय या सेवांकडे काय मागायचं हेच कळत नाही. युरोपीय संघाच्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात राहायला गेला, की त्याच्यासोबत त्याची बायको किंवा नवरा, एकवीस वर्षांखालची मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांनाही तिथे राहण्याचा हक्क मिळतो, मग त्यांचा पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो. हे संघाच्या २००४ सालच्या एका निर्देशात, म्हणजे सदस्य देशांना बंधनकारक असलेल्या कायद्यात लिहिलं आहे, क्रमांक २००४/३८. पहिले तीन महिने वैध पासपोर्टाशिवाय फारशी अट नाही. त्यापुढे युरोपीय नागरिक नोकरी किंवा व्यवसाय करत असला पाहिजे. शिकत असेल किंवा स्वतःच्या पैशांवर राहत असेल, तर पुरेसं उत्पन्न आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो. माझा नवरा पोर्तुगालचा, नोकरी बेल्जियममध्ये. म्हणून मी या नियमात बसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा हक्क लग्नामुळे आणि नवऱ्याच्या स्थलांतरामुळे आपोआप येतो. निवासाचं कार्ड तो हक्क देत नाही, असलेल्या हक्काचा फक्त पुरावा देतं. हे मला समजायला दोन महिने लागले. खिडकीवर उभं असताना समजलेलं असतं तर त्या दिवशी मी इतकी घाबरले नसते.

युअर युरोप ॲडव्हाइसशी माझी गाठ खिडकीच्याही आधी पडली, व्हिसाच्या वेळी. आमचं लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली झालं, तीस दिवसांची नोटीस लावून. दाखला हातात आल्यावर मी व्हिसा केंद्रात गेले, तर तिथे पर्यटकांचीच यादी पुढे केली: हॉटेलचं बुकिंग, प्रवास विमा, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, बँकेचे उतारे. वर ९० युरो व्हिसा शुल्क. मी तोवर नोकरी सोडली होती, रजेचं पत्र आणणार कुठून? नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने ही सेवा सुचवली. संकेतस्थळावर एक अर्ज आहे, तो संघाच्या चोवीस अधिकृत भाषांपैकी कुठल्याही भाषेत भरता येतो. नागरिकत्व कुठलं, राहता कुठे, अडचण काय, एवढं लिहायचं. मी इंग्रजीत लिहिलं आणि चार प्रश्न एकदम विचारले. आठवड्याच्या आत एका वकिलाचं सविस्तर उत्तर आलं.

उत्तर कोरडं होतं, पण माझ्यासाठी ते सोन्यासारखं होतं. निर्देशाच्या कलम ५(२)नुसार युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयाचा व्हिसा मोफत असतो आणि तो शक्य तितक्या लवकर, जलद पद्धतीने द्यायचा असतो. मी कोण, नवरा कोण, आमचं नातं काय आणि मी त्याच्याकडे जाते आहे किंवा त्याच्यासोबत प्रवास करते आहे, एवढंच सिद्ध करायचं. हॉटेल, विमा, रजेचं पत्र यांतलं काहीही मागता येत नाही. केंद्राच्या स्वतःच्या सेवेचं शुल्क मात्र वेगळं, ती सेवा वापरली तर ते द्यावं लागतं. मी ते पत्र छापून सोबत नेलं. काउंटरवरच्या मुलाने ते वाचून आत नेलं, वीस मिनिटांनी बाहेर येऊन माझे कागद घेतले आणि ९० युरो मागितले नाहीत. बाराव्या दिवशी पासपोर्ट घरी आला.

एक सूचना, अनुभवातून. चार प्रश्न एकत्र विचारले तर पहिल्या तीन प्रश्नांना उत्तर मिळतं आणि चौथा, बहुधा तुमच्यासाठी सर्वांत नाजूक असलेला, दोन ओळींत उरकला जातो. माझा चौथा प्रश्न आईबद्दल होता. त्याकडे नंतर येते. एका वेळी एकच प्रश्न विचारा, तारखा लिहा, आणि काय घडलं ते आधी लिहून मग शंका लिहा.

आता सॉल्व्हिट. दोन्हींमधला फरक आधी सांगते, कारण आम्हीही तिथे गोंधळलो होतो. युअर युरोप ॲडव्हाइसचे वकील तुम्हाला तुमचा कायदा समजावतात, पण तुमच्या वतीने कुणाला फोन करत नाहीत. सॉल्व्हिट फोन करतं. २००२ साली सुरू झालेलं हे जाळं आहे. संघाच्या प्रत्येक देशात एक केंद्र, शिवाय आइसलँड, लिख्टेनश्टाइन आणि नॉर्वेतही. केंद्र त्या त्या देशाच्या सरकारी यंत्रणेचाच भाग असतं. एखाद्या सरकारी कार्यालयाने सीमेपलीकडच्या प्रकरणात युरोपीय कायदा चुकीचा लावला, की तुम्ही तक्रार देता. तुमच्या देशाचं केंद्र ती तपासतं आणि जिथे अडचण झाली त्या देशाच्या केंद्राकडे सोपवतं. ते केंद्र त्या कार्यालयाशी बोलतं. आमच्या बाबतीत पोर्तुगालच्या केंद्राने फाइल उघडली आणि बेल्जियमच्या केंद्राने काम केलं. म्हणजे नवऱ्याला सगळा पत्रव्यवहार स्वतःच्या भाषेत करता आला. खचलेल्या माणसाला आपल्या भाषेत कुणीतरी "तुमचं म्हणणं बरोबर दिसतंय" असं लिहिणं किती मोठी गोष्ट असते, हे मी त्याचा चेहरा पाहून सांगू शकते.

२८ ऑक्टोबरला अर्ज भरला. सहाव्या दिवशी पोर्तुगालहून ईमेल आला आणि त्यात पहिलीच मागणी अशी होती की आमच्याकडे नव्हती नेमकी तीच गोष्ट: नकाराचा लेखी पुरावा. खिडकीवरच्या बाई फक्त तोंडी बोलल्या होत्या. मग नवऱ्याने नगरपालिकेला दोन ओळींचा नम्र ईमेल लिहिला: अमुक तारखेला आम्ही आलो होतो, सी व्हिसा असल्यामुळे अर्ज स्वीकारता येणार नाही असं आपण सांगितलं, आम्हाला बरोबर समजलं ना, कृपया कळवावं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "होय, बरोबर आहे." त्या एका ओळीवर आमची सगळी केस उभी राहिली. तुम्हाला कुठल्याही कार्यालयातून तोंडी परत पाठवलं तर त्याच संध्याकाळी असा ईमेल लिहा. मी दुसरं काही सांगितलं नसतं तरी चालेल, पण हे लक्षात ठेवा.

बेल्जियमच्या केंद्राने प्रकरण स्वीकारल्याचं कळलं नोव्हेंबरच्या मध्यावर. त्यांनी स्वतःसाठी ठेवलेली मुदत दहा आठवड्यांची असते. माझ्या व्हिसाचे नव्वद दिवस ७ जानेवारीला संपत होते. मी कॅलेंडरवर रोज फुली मारत होते. त्यानंतरचे तीन आठवडे एक अक्षर आलं नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. फाइल कुठवर आली, कुणाशी बोलणं झालं, कुणी काही म्हटलं का, यातलं काहीही आपणहून कळवलं जात नाही. आपण विचारलं तर "काम चालू आहे" असं सभ्य उत्तर येतं. ज्याच्या देशात राहण्याचे दिवस मोजले जात आहेत, त्याच्यासाठी हे मौन फार जड असतं. या सेवेला तारे द्यायचे झाले, तर एवढ्यासाठी मी एक तारा कापते.

या मौनात मी पुन्हा युअर युरोप ॲडव्हाइसला लिहिलं: ७ जानेवारी उलटली तर मी बेकायदा ठरेन का? उत्तरात एका निकालाचा हवाला होता आणि तो निकाल मी नंतर शोधून दोनदा वाचला. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाचा, २००२ सालचा, एमआरएएक्स नावाने ओळखला जाणारा. ही केस बेल्जियममधूनच गेलेली, वंशवादाविरुद्ध काम करणाऱ्या एका संघटनेने लढलेली. न्यायालयाने म्हटलं की युरोपीय नागरिकाच्या जोडीदाराने ओळख आणि विवाह सिद्ध केला असेल, तर केवळ अर्ज करण्याआधी व्हिसा संपला या कारणावरून निवासाचा परवाना नाकारता येणार नाही आणि देशाबाहेरही काढता येणार नाही. माझा तर व्हिसा संपलाही नव्हता. पुढे २००८च्या मेटॉक निकालात, आयर्लंडमधल्या चार जोडप्यांच्या प्रकरणात, न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की कुटुंबीय देशात कधी आणि कसा आला, लग्न कुठे झालं, यावर हा हक्क अवलंबून नाही. बावीस वर्षांपूर्वी ज्या देशाच्या प्रकरणात हे ठरलं, त्याच देशातल्या एका खिडकीला ते ठाऊक नव्हतं. मला त्या बाईंचा राग येण्यापेक्षा त्यांच्या प्रशिक्षणाची काळजी वाटली, कारण माझ्याआधी कितीजणी खरोखरच परत गेल्या असतील?

१२ डिसेंबरला नगरपालिकेचा फोन आला. मंगळवारी साडेनऊला या. त्याच खिडकीवर दुसऱ्या बाई होत्या, त्यांनी फाइल पानं उलटून तपासली आणि १९ टेर नावाचा कागद छापून दिला. अर्ज स्वीकारल्याची ती पावती, बेल्जियममधल्या माझ्या हक्काचा पहिला कागद. व्हिसा संपायला तीन आठवडे उरले होते. नंतर आमच्या भागाचा पोलीस घरी आला, दारावरची नावं पाहिली, आम्ही खरंच एकत्र राहतो याची नोंद घेतली, कॉफीला नको म्हणाला. मग केशरी रंगाचं तात्पुरतं कार्ड मिळालं. निर्णय नगरपालिका घेत नाही, फाइल ब्रसेल्समधल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे जाते आणि त्यासाठी सहा महिन्यांची कमाल मुदत आहे. जून २०२५मध्ये माझं एफ कार्ड, म्हणजे युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयाचं निवास कार्ड आलं, पाच वर्षांचं.

त्या कार्डाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ऑगस्टमध्ये आम्ही डब्लिनला निघालो. आयर्लंड संघात आहे पण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टावर एरवी वेगळा व्हिसा लागतो. पण युरोपीय नागरिकाच्या कुटुंबीयाचं निवास कार्ड असेल आणि त्या नागरिकासोबत प्रवास असेल किंवा त्याच्याकडे जात असाल, तर व्हिसा लागत नाही. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या तरुणाला हे माहीत नव्हतं. पंचवीस मिनिटं गेली. मी कलम ५(२)चा छापील कागद, विवाहाचा दाखला आणि नवऱ्याचं ओळखपत्र त्याच्यासमोर ठेवलं, त्याने वरिष्ठांना फोन लावला आणि बोर्डिंग पास दिला. डब्लिनच्या विमानतळावर मात्र अधिकाऱ्याने कार्ड पाहिलं, "सोबत कोण?" विचारलं आणि शिक्का मारला. तो छापील कागद आता माझ्या पासपोर्टाच्या कव्हरमध्येच असतो.

आता सॉल्व्हिट कुठे उपयोगाचं नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. ते न्यायालय नाही. कुठल्याही कार्यालयाला ते हुकूम देऊ शकत नाही, समजावू शकतं. न्यायालयात गेलेलं प्रकरण ते घेत नाही. आणि सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे तिथे तक्रार दिली म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही. बेल्जियममध्ये निवास नाकारल्याचा औपचारिक निर्णय हातात पडला की परदेशी नागरिकांच्या प्रकरणांसाठीच्या न्यायमंडळाकडे जायला तीस दिवस असतात. सॉल्व्हिटची मुदत दहा आठवडे. हिशोब तुम्हीच करा. माझा अर्जच घेतला नव्हता, निर्णय झालाच नव्हता, म्हणून माझ्यासाठी सॉल्व्हिट योग्य होतं. तुमच्या हातात सही-शिक्क्याचा नकार असेल तर त्याच आठवड्यात वकील गाठा, थांबू नका.

दुसरी मर्यादा कायद्याचीच आहे आणि ती अनेकांना कळतच नाही. माझी एक नागपूरची मैत्रीण, तिचा नवरा बेल्जियन, जन्मापासून बेल्जियममध्ये. तिने माझं पाहून अर्ज केला, उत्तर आलं की हे प्रकरण आमच्या कक्षेत येत नाही. कारण तिचा नवरा कुठे गेलाच नाही. तो स्वतःच्याच देशात आहे, म्हणून तिला बेल्जियमचे देशांतर्गत नियम लागू, त्यात उत्पन्नाची कडक अट. पोर्तुगीज माणसाच्या बायकोला बेल्जियममध्ये जे मिळतं ते बेल्जियन माणसाच्या बायकोला नाही. हे मला आजही अन्याय्य वाटतं. यातून एक वाट आहे आणि ती एका भारतीयाच्या नावाने ओळखली जाते: १९९२चा सुरिंदर सिंग निकाल. सिंग भारतीय, पत्नी ब्रिटिश. दोघांनी काही वर्षं जर्मनीत नोकरी केली आणि मग ब्रिटनला परतले. न्यायालयाने म्हटलं की परतताना पत्नीला दुसऱ्या देशात मिळत होते तेच हक्क स्वतःच्या देशातही मिळाले पाहिजेत. मैत्रिणीचा नवरा आता नेदरलँड्समध्ये नोकरी शोधतो आहे. घरापासून गाडीने तासाभराचं अंतर, पण तिकडे राहायला जावं लागणार, नुसतं जाऊन-येऊन करून चालत नाही. ब्रिटनमधल्या मंडळींना मात्र २०२१पासून ही दारं ब्रिटिश पासपोर्टावर उघडत नाहीत.

आता आईचा प्रश्न. नियमात आईवडील आहेत आणि जोडीदाराचे आईवडीलही आहेत, म्हणून माझी आई माझ्या पोर्तुगीज नवऱ्याची कुटुंबीय ठरू शकते. मी आनंदाने उडाले होते. दुसऱ्यांदा एकटा हाच प्रश्न विचारला तेव्हा पूर्ण उत्तर आलं. "अवलंबून" या शब्दावर सगळं ठरतं. ती राहते त्या देशात तिच्या मूलभूत गरजा आमच्या पैशांशिवाय भागत नाहीत, हे दाखवावं लागतं. नियमित पाठवलेले पैसे, बँकेच्या नोंदी. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आईला त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, घर स्वतःचं आहे. ती अवलंबून नाही. वकिलाने तसं सरळ लिहिलं, आणि कुणी एजंटने दिली असती तशी खोटी आशा दिली नाही. मी त्या रात्री खूप रडले, पण त्या वकिलाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. आई नेहमीच्या शेंगेन व्हिसावर आली, ९० युरो भरून, विमा काढून, सप्टेंबरात सात आठवडे राहिली.

जानेवारीत तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. ती इथे येऊ शकत नाही, तर मी तिथे जाणार. इतके महिने बाहेर राहिले तर कार्ड जाईल का, पाच वर्षांनी मिळणाऱ्या कायम निवासाची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होईल का, हे मी गेल्या महिन्यात युअर युरोप ॲडव्हाइसला विचारलं. एकच प्रश्न, तारखांसकट. पाचव्या दिवशी उत्तर आलं: वर्षात एकूण सहा महिन्यांपर्यंतची गैरहजेरी चालते, मोजणी तुटत नाही. विमानाची तिकिटं जपून ठेवा, असंही लिहिलं होतं. जायचं तिकीट ११ जानेवारीचं आहे, परतीचं ३० एप्रिलचं. दोन्ही त्याच फाइलमध्ये लावून ठेवली आहेत.